एमआयडीसीतलं ट्रेंडी हॉटेल, ह्यांचा गुडघा आणि एक निळी बादली

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचे वायर रोप बदलायचे होते. नौपाड्यातली जुनी बिल्डिंग, आम्ही सहाव्या मजल्यावर, ह्यांच्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन काही महिनेच झालेले, त्यामुळे सोसायटीची नोटीस लागली तशी घरात एकच चर्चा, की लिफ्ट बंद असताना जायचं कुठे. डोंबिवलीला नणंद आहे पण तिच्या नातवाची दहावी, पुण्याला लेक आहे पण तेवढा वेळ गाडीत पाय दुमडून बसणं ह्यांना जमत नव्हतं. शेवटी लेकीनेच तिकडून फोनवर नवी मुंबईत एक हॉटेल बुक करून टाकलं. नवीन उघडलंय, आई एकदम ट्रेंडी आहे, रील बघ, म्हणून चार रील पाठवले. हॉटेलचं नाव सांगत नाही कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातलं निम्मं तिथल्या पोरांच्या हातात नव्हतंच आणि उगाच त्यांच्यावर शेकायला नको.

आता आमची पार्श्वभूमी सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी सहारकडच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला होते, रूम अटेंडंट म्हणून लागले आणि फ्लोअर सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. हे ठाणे-बेलापूर रोडवर एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला, आख्खी नोकरी तिथेच. आणि हॉटेल निघालं नेमकं महापेच्या बाजूला, टीटीसी एमआयडीसीत, त्याच कारखान्यांच्या पट्ट्यात. म्हणजे आम्ही दोघं तिथे गेस्ट म्हणून जाणं म्हणजे गवंड्याला दुसऱ्याच्या वास्तुशांतीला बोलावण्यासारखं, जेवताना पण लक्ष भिंतीच्या ओळंब्यावर.

कळवा, विटावा, ऐरोली करत गेलो. रस्ताभर ह्यांची कॉमेंटरी चालू, ही कंपनी बंद पडली, ही गुजरातला गेली, इथे आमची बस थांबायची. एमआयडीसी १९६२ ची आणि सिडको १९७० ची, म्हणजे इकडे आधी कारखाने आले आणि मग शहर, हे ह्यांचं फार लाडकं वाक्य आहे, ते रबाळे येईपर्यंत तीनदा झालं. आता मधे मधे आयटी पार्क, आणि त्यांच्या मागोमाग हॉटेलं. खरं सांगायचं तर नवी मुंबईत हॉटेलं निघणारच होती. जानेवारी २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे शो झाले तेव्हा आसपासच्या रूमचे रेट काय झाले होते ते सगळ्यांना आठवत असेल, मग त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या बायकांनी वर्ल्ड कपची फायनल तिथेच जिंकली, आणि डिसेंबरात विमानतळावरून विमानं उडायला लागली. एवढं झाल्यावर ज्याच्याकडे प्लॉट आहे तो हॉटेल काढणार नाही तर काय करणार.

बाहेरून गंजल्यासारख्या रंगाचे पत्रे, वर निऑनमध्ये इंग्रजी शब्द, आत शिरलं की छतावर सगळे डक्ट, केबल ट्रे, स्प्रिंक्लरचे पाइप उघडे, भिंतीला प्लास्टर नाही, बल्ब लांबलचक वायरला लोंबकळतायत. हे काठीवर टेकून वर बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, अगं, फॉल्स सीलिंग राहिलंय वाटतं, घाईत उघडलं बहुतेक. म्हटलं अहो हीच फॅशन आहे, इंडस्ट्रियल लुक म्हणतात. त्यावर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खिडकीतून समोर खरी कंपनी दिसत होती, तिचे खरे पाइप, आणि आत त्याचीच नक्कल करून त्याखाली बसून लोक दोनशे ऐंशी रुपयांची कॉफी पीत होते. एका पाइपला कलर कोड, म्हणजे आत काय वाहतं ते सांगणारा रंग, चुकीचा दिलाय हे पण ह्यांनी शोधून काढलं, पण ते सांगायला कोण ऐकणारं नव्हतं, माझ्याशिवाय.

रिसेप्शन नावाचा प्रकार नाही. एक लांब लाकडी टेबल, त्यावर लॅपटॉप घेऊन मुलं बसलेली, आणि कोपऱ्यात एटीएमसारखं मशीन. चेक-इन त्याच्यावर करायचं. बुकिंग नंबर टाका, ओटीपी टाका. ओटीपी गेला लेकीच्या मोबाइलवर कारण बुकिंग तिने केलेलं, लेक पुण्यात मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. तोवर ओटीपीची वेळ संपली. पुन्हा पाठवा दाबलं तर पुन्हा तिलाच. ह्यांना बसायला पाहिजे होतं, पण लॉबीतल्या सगळ्या खुर्च्या अशा बुटक्या की बसलं तर क्रेननेच काढावं लागलं असतं, आणि टेबलाजवळचे स्टूल इतके उंच की चढायलाच नको. मधल्या उंचीची एक साधी खुर्ची त्या आख्ख्या लॉबीत नव्हती. एक मुलगा बघत होता, त्याला कळलं, तो आत जाऊन सिक्युरिटी केबिनमधली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. पुढे पण असंच होत राहिलं, डिझायनरने जे केलं नव्हतं ते तिथली पोरं धावून धावून करत होती.

मग आधार कार्ड. मुलाने टॅबवर फोटो काढला, पत्ता वाचला आणि गडबडला. म्हणाला मॅडम, तुमचा लोकल आयडी आहे, सिस्टम घेत नाहीये. ठाणे जिल्ह्याचा पत्ता आणि हॉटेल पण ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे आम्ही लोकल. हा प्रकार आमच्या लाइनमध्ये जुना आहे, असा काही कायदा नाहीये, पोलिसांना हवं असतं ते गेस्टचं रजिस्टर आणि ओळखपत्र, लोकल लोकांना रूम न देणं हा हॉटेलवाल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेला नियम आहे. कशासाठी करतात ते पण सगळ्यांना माहीत आहे. मी त्या मुलाला म्हटलं, बाळा, हे अडुसष्ट वर्षांचे, मी बासष्टची, हा काठी, ही औषधांची पिशवी, आम्ही घरच्यांच्या मर्जीविरुद्ध पळून आलोय असं वाटतंय का तुला? तो बिचारा लाल झाला. मग मॅनेजर आला, तोही तिशीतलाच, त्याने काय कळ दाबली देव जाणे, झालं चेक-इन. जाणार असाल आणि आपल्याच भागात जाणार असाल तर आधी फोन करून लोकल आयडी चालतो का ते विचारून घ्या, आणि चालत असेल तर मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तो यूआयडीएआयच्या साइटवरून निघतो.

रूम चौथ्या मजल्यावर. तिसऱ्यावर पॉड आहेत असं मुलगा म्हणाला, एकट्या माणसाला झोपण्यापुरते खण. ती कल्पना जपानची, ओसाकाला १९७९ मध्ये पहिलं कॅप्सूल हॉटेल निघालं, आपल्याकडे मुंबई सेंट्रल स्टेशनवर २०२१ पासून आहे. लेकीने ते बुक केलं नाही ही देवाची कृपा.

रूम दिसायला मात्र सुंदर, खोटं कशाला बोला. हिरवट भिंत, एका बाजूला पारसिकचा डोंगर, कपाट नाही तर छतापासून लोंबणारी काळी दांडी आणि तिला पाच हँगर. दार उघडल्या उघडल्या वास आला, नव्या प्लायचा आणि फोमचा. नवीन हॉटेलात हा असतोच, प्लायमध्ये जो चिकटवायचा रेझिन असतो त्याचा, दारं-खिडक्या उघड्या ठेवून रूम हवेशीर ठेवली तर हळूहळू जातो. पण इथे खिडकी उघडतच नाही, सीलबंद काच. आमच्याकडे नवीन विंग उघडली होती तेव्हा गेस्टला द्यायच्या आधी आम्ही स्टाफची माणसं त्या रूममध्ये झोपायला पाठवायचो, नळ सोडा, एसी चालवा, सगळे स्विच दाबा, सकाळी काय काय बिघडलं त्याची यादी द्या. त्याला स्नॅग लिस्ट म्हणतात. ट्रेंडी हॉटेलं हल्ली तेच काम गेस्टकडून करून घेतात आणि त्याला सॉफ्ट ओपनिंग डिस्काउंट म्हणतात.

बेड जमिनीपासून जेमतेम दीड वीत. त्याखाली लाकडी प्लॅटफॉर्म, तो गादीच्या बाहेर चार बोटं आलेला, म्हणजे अंधारात नडगी फुटायची सोय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला फिजिओ पहिल्या दिवशी सांगतो की बुटक्या जागेवर बसायचं नाही. हे बेडकडे बघून म्हणाले, मी उभाच झोपतो. मी खाली फोन केला, म्हणजे करायला गेले, तर फोनच नाही. टॅबलेट आहे, त्यावर चॅट करायचं. चॅटवर एक रोबो, तो मला विचारतो तुम्हाला उशांचा मेनू हवा का. शेवटी कॉरिडॉरमध्ये जाऊन माणूस शोधला आणि त्याला सांगितलं की एक्स्ट्रा बेडची गादी असेल ना पँट्रीत, ती आण आणि ह्या गादीवर टाक. हा उपाय कुठल्याही हॉटेलात होतो, लक्षात ठेवा, फक्त मागावं लागतं. दोन गाद्या झाल्यावर ह्यांना बसता उठता यायला लागलं.

टॅबलेटवरच लाइट, एसी, पडदा सगळं. लाइटच्या जागी मूडची नावं, त्यातलं वाचायचा दिवा कुठल्या मूडमध्ये लागतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. की-कार्ड खाचेत घालायची पद्धत इथे नव्हती, पूर्वी गेस्ट त्या खाचेत कुणाचंही व्हिजिटिंग कार्ड घालून एसी चालू ठेवून फिरायला जायचे, त्यावर हॉटेलवाल्यांनी तोडगा काढलाय, छतावर सेन्सर, माणूस हलला तर एसी चालू. आता आमचे हे पेपर वाचायला बसले की अग्रलेखाला अर्धा तास, हाताची बोटं सोडून काही हलत नाही. सेन्सरला वाटलं रूम रिकामी आहे, एसी बंद. गरम व्हायला लागलं की हे पेपर वर धरून हलवायचे, एसी चालू, पुन्हा वाचन, पुन्हा बंद. शेवटी मी म्हटलं मोठ्याने वाचा आणि हातवारे करा. आणि उलटा प्रकार बेडखाली, तिथे पायाशी दिवा लागायचा सेन्सर, रात्री नुसती कूस बदलली तरी खालून उजेड. त्याच्यावर मी नॅपकिन खोचून ठेवला.

बेडरूम आणि बाथरूमच्या मधली भिंत काचेची. काचेची म्हणजे आरपार. मधे एक पडदा आहे तो टॅबलेटवरून खाली येतो आणि टॅबलेटचं चार्जिंग पाच टक्क्यांवर होतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली असली तरी माणसाला काही गोष्टी एकट्याने करायच्या असतात. ह्याचं कारण फॅशन एवढंच नाही, काच लावली की छोटी रूम फोटोत मोठी दिसते आणि बाथरूमला उजेड मिळतो. राहणारा माणूस फोटोत नसतो.

आता बाथरूम. इथे मी जरा थांबणार आहे कारण हा माझा विषय आहे.

सगळं काळं. काळी फरशी, काळे नळ, काळं बेसिन, आणि शॉवरच्या जागेत जायला तीन इंचाची पायरी, तीही काळीच, म्हणजे ती आहे हे पायालाच कळतं. धरायला कुठेही बार नाही. टॉवेलची दांडी आहे पण तिला धरून कुणी उठायचा प्रयत्न करू नका, तिचे स्क्रू टॉवेलच्या वजनाचे असतात, माणसाच्या नाही. पाण्याचे डाग लगेच दिसतात काळ्या नळावर, पांढरे पांढरे ठिपके, ते दोनच दिवसांत इथे बसायला लागले होते. आणि वास. प्लायचा वेगळा, हा वेगळा, गटारासारखा. बाहेर कंपनीचा असेल असं हे म्हणत होते पण मी वाकून बेसिनखालची जाळी बघितली आणि कळलं. फ्लोअर ट्रॅप सुकलेला. जमिनीतल्या जाळीखाली जो वाकडा भाग असतो त्यात दोनेक इंच पाणी साठून राहायला हवं, तेच पाणी खालच्या ड्रेनेजचा वास अडवतं. शॉवरखालच्या ट्रॅपला रोज पाणी मिळतं, पण ही कोरडी बाजू, इथे कुणी पाणी ओतत नाही, रूम काही दिवस रिकामी राहिली की ते पाणी उडून जातं आणि वास मोकळा. औषध म्हणजे बादलीभर पाणी ओतायचं, बास. रूम फ्रेशनर मारून काही होत नाही, वर लॅव्हेंडर आणि खाली गटार.

पण बादलीच नाही. पाणी घ्यायचा मग नाही, डबा नाही, काहीच नाही. डोक्यावर ताटाएवढा शॉवर आहे, हँड शॉवर नाही, म्हणजे पाय धुवायचे तरी डोक्यापासून भिजा. ह्यांना तर गुडघ्यामुळे खुर्चीवर बसून, बादलीत पाणी घेऊन आंघोळ लागते. मी चहाच्या किटलीने पाणी आणून आणून ट्रॅपमध्ये ओतलं, पाच-सहा किटल्या, दहा मिनिटांत वास गेला. हे बाहेरून काचेतून बघत होते, म्हणाले अगं आपण गेस्ट आहोत.

बादली मागितली तर पुन्हा तोच मुलगा आला, खुर्चीवाला. त्याने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं की मॅडम, ब्रँडच्या स्टँडर्डमध्ये बादली बसत नाही, प्रॉपर्टीत एकच आहे ती मॉपची. म्हटलं मॉपची नको. तो गेला, तासाभराने परत आला तो हातात नवी कोरी निळी बादली, आत मग, किमतीचं स्टिकर तसंच, कुठूनतरी घणसोलीवरून आणली म्हणाला ड्यूटीवर येणाऱ्या मित्राकडून. सोबत सिक्युरिटीचीच ती प्लास्टिकची खुर्ची, धुऊन पुसून. त्या काळ्या बाथरूममध्ये निळी बादली आणि लाल खुर्ची काय उठून दिसत होती, लेकीला फोटो पाठवला तर तिने रडून हसायचे वीस इमोजी पाठवले.

टॉवेल जाडजूड, हॉटेलचं नाव विणलेलं, पण पाणी टिपेना. अंग पुसलं की पाणी नुसतं इकडून तिकडे जातं आणि अंगाला करड्या रंगाचं सूत चिकटतं. नव्या टॉवेलला कंपनीतून एक मऊपणाचं फिनिश येतं, ते चार-पाच धुण्यांनंतर उतरतं, तोवर टॉवेल पाणी पीत नाही. नवीन माल आला की आधी धुऊन धुऊन मग वापरायला काढायचा असतो. पण त्यासाठी हाताशी जास्तीचा माल लागतो. आमच्या भाषेत पार म्हणतात, एक सेट रूमवर, एक लाँड्रीत, एक पँट्रीत, म्हणजे निदान तीन पार. इथे लाँड्री बाहेर दिलेली आणि माल मोजूनमापून, त्यामुळे आला तसा लावला. सकाळी दहाला टॉवेल मागितला तर बाराला आला, लाँड्रीची गाडी यायची होती.

खाण्याबद्दल फार नाही लिहीत. मेनू क्यूआर कोडवर, ठेच्याचं हमस, साबुदाणा वडा वर कसलं तरी गवत घालून, आणि मिसळ म्हणून मागवलं तर तर्री वेगळी, मोड वेगळे, फरसाण वेगळं, पाव टोस्ट केलेला, सगळं लाकडी फळीवर, तुमचं तुम्ही जमवा. जमवल्यावर चव बरी होती हे कबूल, तर्री करणाऱ्याला मिसळ माहीत होती. ह्यांनी मात्र दुसऱ्या वाटीची तर्री मागितली आणि ती मिळाली तेव्हा हॉटेलबद्दलचं मत जरा सुधारलं. गच्चीवर बार आहे, डीजे आहे, तो बरोबर दहाला बंद झाला, उघड्यावर दहानंतर स्पीकर चालत नाही हा नियम पाळला त्यांनी. मग रात्रभर फक्त समोरच्या कंपनीचा काँप्रेसर. मला झोप येईना, हे ढाराढूर. इतक्या वर्षांची सवय, रिटायर झाल्यापासून एवढे शांत झोपलेले मी बघितले नव्हते.

सकाळी रूम करायला एक मुलगी आली. वय असेल वीस-एकवीस, हॉटेल मॅनेजमेंटचं ट्रेनिंग चालू. मी गॅलरी नसल्यामुळे रूममध्येच खुर्चीत बसून राहिले आणि बघत बसले. आमच्यासारखाच शिफ्टला चौदा रूमचा हिशोब तिला, पण आमचे बेड कंबरेच्या उंचीला होते, ही बिचारी प्रत्येक बेडला गुडघ्यावर बसून, गादी उचलून चादर खोचत होती, आणि त्या बाहेर आलेल्या लाकडाने तिच्या नडग्यांवर निळे डाग पडलेले. जो बेड गेस्टला त्रास देतो तो रोज चौदा वेळा स्टाफला त्रास देतो, आणि तिच्या नडगीचा रील कुणी काढत नाही. कोपरा करताना तिची घडी सुटत होती. मला राहवेना, म्हटलं बाळा बघ, चादरीची कड अशी हातभर लांबून उचल, त्रिकोण गादीवर टाक, खालचं लोंबतं आधी खोच, मग त्रिकोण खाली सोड आणि हाताने एकदाच दाब. दोनदा केलं तिने आणि तिसऱ्यांदा कोपरा असा धारदार आला की तिलाच हसू आलं. तोवर मी मॅडम होते, त्यानंतर काकू झाले. नळांचं पण सांगितलं, काळा नळ नुसता पुसून चालत नाही, कोरड्या फडक्याने लगेच पुसला तरच नीट राहतो, ओलं फडकं फिरवलंस की डाग पसरतात, आणि बसलेल्या डागावर अॅसिडचं लिक्विड चुकून लावू नकोस, काळा रंगच उतरेल. आणि रोज प्रत्येक रूमच्या कोरड्या ट्रॅपमध्ये पाणी. ते तिने वहीत लिहून घेतलं.

बोलता बोलता तिनेच सांगितलं की काकू, पहिल्या मजल्यावर एक दिव्यांगांसाठीची रूम आहे, काकांना ती बरी पडेल, पण तिकडे सध्या खुर्च्यांचे खोके ठेवलेत. मला माहीतच होतं की असणार. स्टार क्लासिफिकेशन हवं असेल तर अशी एक तरी रूम ठेवावीच लागते, त्यामुळे ती बांधतात सगळे, विकत मात्र नाहीत. वेबसाइटवर त्या रूमचा एक फोटो नाही. मी मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला मॅम, ती रूम तेवढी प्रीमियम नाहीये. म्हटलं आम्हाला प्रीमियम नको, बेड पाहिजे.

खोके हलवायला त्यांनी दुपार घेतली, पण हलवले. आणि काय सांगू, आख्ख्या हॉटेलातली सगळ्यात चांगली रूम तीच. बेड नेहमीच्या उंचीचा, बाथरूमला पायरी नाही, सरकतं दार, खरी भिंत, कमोडच्या दोन्ही बाजूंना बार, शॉवरखाली भिंतीला घडी होणारं सीट, हँड शॉवर, आणि लाइटला साधे दाबायचे स्विच कारण टॅबलेटपर्यंत सगळ्यांचा हात पोचेल असं नाही. दाराला दोन उंचीवर पीपहोल. नियमाप्रमाणे बांधायला लागली म्हणून कुणी तिथे कलाकारी केली नाही, आणि त्यामुळे ती राहण्यासारखी झाली. ह्यांनी स्विच दाबला, लाइट लागला, पुन्हा दाबला, बंद झाला, आणि हे इतके खूश की पाच मिनिटं तेवढंच करत होते. आईवडिलांना घेऊन कुठल्याही नव्या हॉटेलात जाणार असाल तर बुकिंगच्या आधी फोन करून ही एकच रूम मागा, भाडं बहुतेक तेवढंच असतं, आणि खोके असतील तर आधीच काढायला सांगा.

निघायच्या दिवशी बिल. रूमचा रेट साडेसात हजारांच्या आत होता म्हणून जीएसटी ५ टक्के, सप्टेंबर २०२५ च्या आधी हाच १२ होता, साडेसात हजारांच्या वर गेलात की १८ लागतो, त्यामुळे लेकीने रेट बघून घेतला होता. खाण्याच्या बिलात मात्र हळूच सर्व्हिस चार्ज. मी म्हटलं काढा. मॅनेजर म्हणाला मॅम, डिफॉल्ट येतो. म्हटलं डिफॉल्ट येतो तर डिफॉल्ट काढा, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की जबरदस्ती करता येणार नाही आणि मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने पण तेच उचलून धरलं. त्याने वाद घातला नाही, काढला लगेच. ते पैसे मी त्या मुलाच्या आणि मुलीच्या हातात वेगवेगळे दिले, सर्व्हिस चार्ज त्यांच्यापर्यंत किती पोचतो ते मी आयुष्यभर बघितलंय. मग मॅनेजरने फीडबॅकचा क्यूआर पुढे केला, पाच चेहरे, त्यातला एक निवडा. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि दोन्ही बाजूंनी भरून दिला, ट्रॅप, टॉवेल, बेडचं लाकूड, बार, लॉबीत दोन तरी साध्या खुर्च्या. ह्यांनी खाली पाइपच्या कलर कोडचं लिहिलं आणि सही केली.

बिल पुन्हा वाचताना शेवटी एक ओळ दिसली. बकेट विथ मग, गेस्ट रिक्वेस्ट, शून्य रुपये शून्य पैसे. हे म्हणाले, म्हणजे आता ही आपली का? मॅनेजर म्हणाला नाही सर, ती ४०६ ला गेलीये, तिकडच्या आजींनी सकाळीच मागितली, आणि ४०२ वेटिंगला आहे.